खारा वारा किती वाजता आला?

माझा जन्म 1956 च्या मे महिन्यातला. घरात मात्र तो तारखेने कुणी सांगत नसे. "पाऊस लवकर आला त्या वर्षीचा हा," असं आई म्हणायची, आणि आजी लगेच पुढे जोडायची, "पाऊस लवकर आला ते खरं, पण त्याआधी ऊन काय पेटलं होतं ते सांग की!" बाळंतपणासाठी आई माहेरी आंबोलीला येऊन राहिली होती. होळी नुकतीच झाली होती, आणि मार्चअखेरच्या एका दुपारी तिला घेरी आली. आजीने तिला मोरीत बसवून डोक्यावर तांब्या-तांब्या पाणी घातलं, कांदा फोडून नाकाला लावला, आणि संध्याकाळपर्यंत वाळ्याच्या पंख्याने वारा घालत बसली. पुष्कळ वर्षांनी मी ताडून पाहिलं. 28 मार्च 1956 ला सांताक्रूझला 41.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मार्चमधला उपनगरांचा तो उच्चांक. 2011 च्या मार्चमध्ये पारा 41.6 पर्यंत चढला आणि एका दशांशाने राहिला. आईच्या घेरीचा दिवस तोच, असं मी धरून चाललो आहे. आई म्हणायची बुधवार होता, मावशी म्हणायची गुरुवार. 28 मार्चला बुधवार येतो, म्हणून मी आईच्या पक्षात.

आंबोली म्हणजे अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेचं गावठाण. आता तिथे उभं राहिलं तर रिक्षांपलीकडचं काही दिसत नाही. तेव्हा भातखाचरं होती, ताड होते, ईस्ट इंडियन लोकांची उतरत्या कौलांची घरं होती आणि सेंट ब्लेझचं जुनं चर्च होतं. तिथून वर्सोव्याच्या समुद्रापर्यंत वाऱ्याला आडवं यायला फारसं काही नव्हतं. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जायचा, तो मतलई. दुपारी केव्हातरी तो पडायचा, पानसुद्धा हलायचं नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुटायचा. तो किती वाजता सुटतो यावर त्या दिवसाचं ऊन ठरायचं. अकरा-साडेअकराला आला तर दिवस सुखाचा, एक वाजला तर त्रासाचा, आणि दोन वाजून गेले तरी आला नाही तर घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे.

आजीकडे हे मोजायची दोन साधनं होती. एक मागच्या दारची वाळत घालायची दोरी. तिच्यावरचं नऊवारी लुगडं सकाळभर पश्चिमेकडे फुगलेलं असायचं. ते पडलं आणि पूर्वेकडे फुगायला लागलं की वारा फिरला. दुसरं साधन नाक. वर्सोव्याचे कोळी बोंबील वाळत घालत, आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर त्या बोंबलांचा वास थेट आमच्या ओटीवर येई. आजीने जन्मात मासळीला हात लावला नव्हता, पण एप्रिलच्या दुपारी ती त्या वासाची वाट पाहत बसायची. "आला गो बाई वास," असं म्हणून ती पदराने मान पुसायची आणि मग चहाचं आधण ठेवायची. वास यायच्या आधी चहा मागितला तर मिळत नसे.

शेजारच्या ईस्ट इंडियन मावशीचंही सगळं वाऱ्यावर चालायचं. उन्हाळ्यात तिच्या अंगणात मिरच्या, धणे, हळद आणि आणखी कायकाय चटईवर पसरलेलं असायचं. बॉटल मसाल्याला कडक ऊन लागतं, आणि आगोटीच्या आत तो कुटून बाटल्यांत ठासून भरावा लागतो. कुटायला बायका यायच्या, उभ्या उखळात लांब मुसळांनी आळीपाळीने घाव घालत गाणी म्हणायच्या, आणि आख्खी आळी शिंकायची. मसाला बिअरच्या काळपट बाटल्यांत भरायचा, म्हणजे त्याला उजेड लागत नाही. तो दारूबंदीचा काळ होता, तरी मावशीकडे बाटल्यांची टंचाई कधी पडली नाही. आजीने त्याची चौकशी कधी केली नाही. दर वर्षी एक बाटली आमच्याकडे यायची आणि आमच्याकडून तिकडे कैरीचं लोणचं जायचं.

आजीच्या मते 1956 चं ऊन दुसऱ्या क्रमांकाचं. पहिला नंबर चार वर्षं आधीचा. 14 एप्रिल 1952, सोमवार. मोरारजी मुख्यमंत्री व्हायला आठवडा उरला होता. सांताक्रूझला त्या दिवशी 42.2 अंश, आणि आजवरच्या नोंदीतला हाच मुंबईचा सर्वांत तापलेला दिवस धरतात. आजीला आकडा ठाऊक नव्हता. तिला एवढंच आठवायचं की त्या दिवशी लुगडं संध्याकाळपर्यंत पश्चिमेकडेच फुगलेलं होतं आणि बोंबलांचा वास आला नाही. फडताळातली मेणबत्ती उभ्या-उभ्या वाकली असं आई सांगायची. सख्ख्या मावशीचं म्हणणं, ती मेणबत्ती मुळातच वाकडी होती. आजोबा कचेरीतून आले ते धोतराचा सोगा ओला करून डोक्यावर घेऊन, आणि आल्या-आल्या त्यांनी ओटीवरच अंग टाकलं. रात्री कुणी जेवलं नाही. ताक-भात कालवला होता, तो सकाळी गाईला घातला.

आता हे समजतं की आजीच्या दोरीवर जे दिसत होतं तेच कारण होतं. मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी पूर्वेकडून, तापलेल्या पठारावरून, कोरडा वारा घाट उतरून येतो. उतरताना तो आणखी तापतो. त्याचा जोर इतका असतो की खारा वारा किनाऱ्यावरच अडून बसतो. कुलाब्याला तीन बाजूंनी पाणी, तिथे जरा तरी निभावतं. सांताक्रूझला पारा उसळतो. आणि सांताक्रूझच्या पलीकडे घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. तिथे काय होत होतं ते पुष्कळ वर्षं कुठल्याच अधिकृत वहीत लिहिलं जात नव्हतं. वर्तमानपत्रात दोनच आकडे: कुलाबा आणि सांताक्रूझ. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

आमच्या मुलुंडच्या घरात ते बघून घेण्याचं काम अण्णाकाकाने अंगावर घेतलं होतं.

अण्णाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रेल्वेत कारकून, अविवाहित, आणि आभाळाचे नादिष्ट. आमचं घर मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला. माझ्या लहानपणी त्या रस्त्याच्या टोकाला खरोखरच मिठागरं होती आणि त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी. उन्हाळ्याचं कौतुक असलेली माणसं मी तिथेच पाहिली. कोरडा वारा, कडक ऊन म्हणजे मीठ लवकर धरणार. मे महिना निम्मा झाला की मिठाच्या राशी गवताने शाकारायची घाई सुरू व्हायची, कारण एका वळवाने हंगामाची मेहनत पाण्यात जाते. तिथल्या एका म्हाताऱ्या आगरी मुकादमाशी काकाची दोस्ती होती. दोघे बांधावर बसून विड्या ओढत पूर्वेकडे बघत राहायचे. काका पंचांगातलं नक्षत्राचं वाहन सांगायचा, बेडूक की म्हैस की उंदीर, आणि मुकादम म्हणायचा, "वाहान काय पन असू दे, पारसिककडं बघा."

खाडीपलीकडचा तो पारसिकचा डोंगर ही आमची वेधशाळा. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला त्याच्या पाठीमागे, कर्जत-बदलापूरच्या अंगाला, पांढरं काहीतरी उगवायचं. ते बघता-बघता वाढायचं, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं एकातून एक फुटत जायचं, आणि पार वर गेलं की माथा चपटा होऊन आमच्याकडे पसरायचा. "शेंडा चपटा झाला रे, आता वाजणार," असं काका ओरडायचा आणि आम्ही पोरं गच्चीकडे धावायचो. त्या दिवसांत वरच्या थरातला वारा पूर्वेकडून असेल तर हे ढग सह्याद्रीकडून समुद्राकडे सरकतात. म्हणजे आधी ठाणे-मुलुंड, मग भांडुप-घाटकोपर, आणि जीव उरला तर डोंगर ओलांडून बोरिवली-अंधेरी. पुष्कळदा तो उरत नसे. रविवारी आंबोलीला गेलं की आजी विचारायची, "तुमच्याकडे पडला म्हणे? आमच्याकडे नुसता गुरगुरला." यावर काका असा काही चेहरा करायचा, जणू तो पाऊस त्यानेच पाडला होता.

वीज चमकली की आम्ही मोजायचो. घड्याळ एकच आणि ते आतल्या भिंतीवर, म्हणून काकाने युक्ती काढली होती: सावकाश एकदा "रामकृष्ण हरी" म्हटलं की एक सेकंद. तीन वेळा म्हणून होईपर्यंत गडगडाट आला नाही तर वीज एक किलोमीटरपलीकडे. सहा वेळा म्हटलं तर दोन. एकच "रामकृष्ण" तोंडात असताना आवाज आला तर सरळ जिन्यात पळायचं. आजोळच्या एका पाहुण्यांनी हे ऐकलं आणि आमच्या घरात मुलांवर केवढे संस्कार आहेत म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. काकाने त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पाऊस मोजायला डालड्याचा डबा होता. गच्चीच्या मधोमध विटांत रोवलेला, आणि त्यात बुडवायला माझी शाळेची पट्टी. आकडे आधी पंचांगाच्या समासात आणि 1973 नंतर कालनिर्णयच्या चौकोनात लिहिले जाऊ लागले. त्याच चौकोनांत आई दुधाचा हिशेब लिहायची. त्यावरून घरात जे वाद झाले ते मी इथे सांगत नाही. एका जूनमध्ये दूधवाल्याला दीड इंचाचे पैसे दिले गेले, एवढं घरात आजही सांगतात.

सुरुवातीला काका सकाळी सातला मोजायचा आणि आठ-बाराची लोकल पकडायचा. मग एकदा रजा काढून तो कुलाब्याची वेधशाळा बघून आला. 1826 सालची ती वेधशाळा, सगळ्या मुंबईने थट्टेचा विषय केलेली ("वेधशाळेने पाऊस सांगितलाय, छत्री राहू दे घरी"). काका तिथून आला तो भारावूनच. कितीतरी दिवस तो एकच गोष्ट सांगत होता: मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर त्या विजेने चुंबकसुया बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला हलवली, आणि हे सगळं बघणारे संचालक होते डॉ. नानाभाई मूस, आपला मुंबईचा पारशी माणूस. पुण्याला गेला की काका शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा पकडायचा. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय 1928 साली सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. इमारत दिसली की हा बसल्या जागी मान लववायचा. दगडूशेठच्या गणपतीलाही त्याने इतक्या नेमाने नमस्कार केल्याचं मला आठवत नाही.

तर कुलाब्याहून तो एक गोष्ट शिकून आला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. सात वाजता मोजलेला पाऊस त्यांच्या आकड्याशी ताडता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून काका साडेआठला गच्चीवर. आठ-बाराची गाडी सुटली ती सुटलीच, आणि पावसाळाभर हजेरीपटावर लाल शेरे पडत राहिले. साहेबाने कारण विचारलं तेव्हा "पाऊस" असं त्याने खरं तेच उत्तर दिलं.

काकाचा एक सिद्धांत होता, आणि तो माझ्यावरून निघाला होता. माझ्या बारशाला पाऊस कोसळला होता. कौलं चाळायची राहिली होती, पाळण्यावर गळायला लागलं, म्हणून पाळणा तीनदा हलवला आणि शेवटी स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, माझं नाव ठेवलं गेलं. आजीचं म्हणणं, पेढ्यांचा पार लगदा झाला होता. घरातल्या सगळ्यांना तो वळीव वाटला. पुढे काकाने शोधून काढलं की 1956 साली मुंबईत मोसमी पाऊसच 29 मे रोजी दाखल झाला होता. एरवी तो यायचा 10 जूनच्या आगेमागे. म्हणजे ज्या वर्षी मार्च सर्वांत तापला, त्याच वर्षी पाऊस सर्वांत आधी आला. झालं! "होळीला भाजलं की मृगाआधी भिजलं" हा त्याने स्वतः केलेला श्लोक, आणि काका तो दर वर्षी म्हणायचा. 1962 आणि 1971 सालीही पाऊस 29 मे रोजीच आला, तेव्हा त्याने त्या वर्षांचे मार्च धुंडाळले. काय सापडलं ते त्याने कधी सांगितलं नाही, त्यावरून काय ते समजावं. मला विचाराल तर मुंबईच्या मार्चचा आणि मोसमी पावसाच्या तारखेचा तसा काही करार नाही. तो पाऊस विषुववृत्तापलीकडून निघतो. आंबोलीत कुणाला घेरी आली हे त्याला काय माहीत. पण घरात माझ्या वाढदिवसाला अजून कुणीतरी तो श्लोक म्हणतंच.

मे महिन्यातल्या मोठ्या पावसाची आणखी एक गोष्ट पणजीकडून आलेली. ती मी तिच्या तोंडून ऐकली नाही, आजीकडून ऐकली, आणि आजीची गोष्ट सांगताना हात फिरवायची सवय मला ठाऊक आहे. "मानमोडी आली त्या वर्षी" वैशाखातच असा पाऊस झाला की वाळत घातलेले सांडगे, पापड सगळे गेले, आणि मग भर पावसाळ्यात आभाळ कोरडं पडलं. मानमोडी म्हणजे 1918 ची ती फ्लूची साथ. यातलं पापडांचं खरं-खोटं देव जाणे. पावसाचं मात्र खरं निघालं: 1918 च्या मेमध्ये कुलाब्याला 279.4 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि नंतरचा पावसाळा देशभर दुष्काळाचा गेला. हा मेचा विक्रम 107 वर्षं टिकला. तो मोडला 2025 मध्ये, त्याचं पुढे सांगतो.

घाटकोपरच्या आत्याकडे पावसाची खबर आमच्यानंतर अर्ध्या तासाने पोचायची. पंतनगरच्या तिच्या चाळीची गच्ची मे महिन्यात कुरडया, चिकवड्या, फेण्या यांनी भरलेली असायची. कुठली साडी कुणाची यावरून कुरडया ओळखायच्या. राखायला आम्ही भाचरं, हातात कावळ्यासाठी काठी, आणि मजुरी म्हणून कच्च्या कुरडयांचा चीक. आत्याची एक शिस्त होती. थंड झुळूक लागली की आधी साड्यांच्या कडा दुमडायच्या, ढग नंतर बघायचे. काकाचंही तेच: मेघाच्या पोटातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरत पावसाच्या पुढे धावते. आधी धूळ येते, मग पत्रे उडतात, फांद्या मोडतात, आणि थेंब सगळ्यांत शेवटी. "माणूस पावसाला भिऊन आडोसा शोधतो," काका म्हणायचा, "आणि वाऱ्याने पडणाऱ्या वस्तूखालीच जाऊन उभा राहतो."

13 मे 2024 ला दुपारी चार-साडेचारच्या सुमाराला असंच झालं. आधी आभाळ पिवळट-करडं झालं, मग धुळीचं वादळ. विमानतळ तासभर थांबला. घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला. पालिकेच्या नियमाने 40 फूट बाय 40 फूट चालतो, तो फलक 120 बाय 120 होता. पंपावर गाड्या उभ्या होत्या, पावसाने थांबलेली माणसं होती. 17 जण गेले. त्या रात्री आतेभावाचा फोन आला. तो बराच वेळ फलकाबद्दल बोलला नाहीच. आईने साड्या दुमडायला लावल्या होत्या त्याबद्दल बोलत राहिला. वादळाला दोष देऊन हे प्रकरण मिटवता येणार नाही. असे वारे या शहरात मे महिन्यात येतात हे पापड वाळवणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. फलक उभारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

उन्हाचंही तसंच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. पारा 38 च्या घरात होता, म्हणजे विक्रमाच्या जवळपासही नाही. किनाऱ्यालगत 37 अंशांच्या पुढे, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त तापलं, तरी उष्णतेची लाट धरतात, ती याचसाठी. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. आजी अशा दुपारी कुणाला उंबरठा ओलांडू देत नसे. पन्हं, कोकमाचं सरबत, सब्जा घातलेलं पाणी, आणि अंगणात जायचं असेल तर डोक्याला ओला पंचा. पण आजीचं घर कौलारू होतं आणि भोवती झाडं होती. आज पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घरात थांब असं सांगणं म्हणजे त्याला भट्टीत बसवणं आहे.

बोरिवलीच्या मामाकडे सगळंच निराळं. नॅशनल पार्कला लागून घर, त्यामुळे "आमच्याकडे दोन अंश कमी" हे त्याचं पालुपद. थर्मामीटर त्याच्याकडे नव्हता. स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसायच्या. मामा ऊन-पाऊस पाखरांवरून सांगायचा. पावशा ओरडला, आता नवरंग येईल. नवरंग आला, आता आठवडा. मेच्या अखेरीला जंगलात नवरंग येतो हे खरं आहे, आणि आठवड्याच्या हिशेबात मामा कितीदा चुकला ते मामीने मोजलेलं असेल.

26 जुलै 2005 बद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, म्हणून एकच सांगतो. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. गिरगावातल्या नातेवाइकांना आमचा फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "पाऊस? हो, आहे थोडासा." काका तोवर हयात नव्हता. असता तर डालड्याचा डबा किती वेळा भरून वाहिला यावर त्याने साऱ्या मिठागर रोडला जागं ठेवलं असतं. एका शहरातल्या दोन ठिकाणांत इतका फरक पडू शकतो, हे तो आयुष्यभर ओरडून सांगत होता आणि आम्ही हसत होतो. त्यानंतर मग चक्रं हलली. पालिकेने अग्निशमन केंद्रांवर, शाळांवर स्वयंचलित यंत्रं बसवली. कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, आणि 2022 मध्ये दुसरं आलं ते आमच्या अंधेरीत, वेरावलीच्या टेकडीवर. आंबोलीपासून सरळ रेषेत बघितलं तर ते आजीच्या दोरीपासून फार लांब नाही.

माझा नातू त्या रडारची चित्रं फोनवर बघतो. तो आणि त्याचे तीन-चार मित्र, कुणी मुलुंडचा, कुणी कांदिवलीचा, पावसाळ्याआधी अक्षरशः झोपत नाहीत. एकाने गच्चीवर स्वतःचं यंत्र बसवलं आहे, वारा-पाऊस-पारा सगळं मोजणारं. "आजोबा, शहापूरवर सेल तयार झालाय, पाऊण तासात मुलुंड," असं तो सांगतो. मी गच्चीवर जाऊन पारसिककडे बघायला लागतो, तर आता मध्ये तीस मजली इमारत. तो फोनवर बघतो, मी इमारतीच्या कडेने जेवढं आभाळ उरलंय तेवढं बघतो. मात्र मार्चमध्ये एकदा मी त्याला विचारलं, "आज खारा वारा किती वाजता आला?" आणि त्याने फोनमधला आलेख काढून वाऱ्याची दिशा नेमकी कुठे वळली ते दाखवलं. एक वाजून दहा मिनिटं. आजीच्या हिशेबाने त्रासाचा दिवस.

2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी आला. 1950 पासून इतका आधी कधी आला नव्हता. माझ्या बारशाचा विक्रम तीन दिवसांनी गेला. त्याच महिन्यात 1918 चा विक्रमही गेला. नातवाने अभिनंदन केलं की सांत्वन केलं, मला कळलं नाही. मार्च काही फार तापला नव्हता, तेव्हा काकाचा श्लोक पुन्हा एकदा पडला.

मधल्या काळात घर बदललं आणि कालनिर्णयचे ते गठ्ठे रद्दीत गेले. कुणी दिले यावर एकमत नाही. काकाचे आकडे कुणाकडेच नाहीत, आणि मुलुंडच्या त्या वर्षांच्या पावसाची दुसरी नोंद मला तरी सापडलेली नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. यंत्र परवडत नसेल तर प्लास्टिकची सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा आत बसवा. बूड सपाट नसतं, म्हणून तळाशी खडे आणि थोडं पाणी घालून शून्याची खूण करा, आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडाखाली नको, पागोळीखाली नको. आकडा दुधाच्या हिशेबापासून वेगळ्या वहीत लिहा. आणि मोजायचं ते सकाळी साडेआठला, मग गाडी चुकली तरी चालेल.